एका उमेदवाराची मनधरणी

सन 2013 च्या डिसेंबर महिन्याच्या 4 तारखेस भारताच्या तत्कालीन परराष्ट्र सचिव सुजाता सिंग ढाक्यास उतरल्या. पंतप्रधान शेख हसीना आणि विरोधी नेत्या खालिदा झिया यांची भेट त्यांनी घेतली, हे राजशिष्टाचारास धरूनच होते. परंतु त्यांच्या तिसऱ्या भेटीचा बोभाटा या दोहोंपेक्षा अधिक झाला. ही भेट होती हुसेन मुहम्मद इर्शाद या वृद्ध, पदच्युत लष्करशहाची, ज्याने आदल्याच दिवशी आपली जातीय पार्टी 5 जानेवारीच्या निवडणुकीतून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले होते. भेट आटोपताच इर्शाद पत्रकारांपुढे आले आणि म्हणाले की, निवडणूक लढवा, नाहीतर जमाते इस्लामीच्या हाती देश जाईल, असे आपणांस सांगण्यात आले. भारताच्या बाजूने खुलासा झाला तो एवढाच की, जास्तीत जास्त पक्षांनी भाग घ्यावा ही आमची इच्छा आहे आणि निर्णय बांगलादेशच्या जनतेचा आहे. दोन्ही कथनांची रुजवात घालण्याचे कारण नाही. काल माघार घेतलेल्या माणसाच्या समोर बसून 'जास्तीत जास्त पक्षांनी' हे शब्द उच्चारले, की त्यांचा अर्थ लावण्यास कोश लागत नाही.

एका परक्या देशाच्या सर्वोच्च मुत्सद्द्याने एका दुय्यम पक्षाची मनधरणी करावी अशी पाळी का यावी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1994 मध्ये मागुरा येथील पोटनिवडणुकीत गैरव्यवहार झाल्याची फिर्याद घेऊन शेख हसीना रस्त्यावर उतरल्या. निवडणुकीपुरते निःपक्षपाती काळजीवाहू सरकार हवे ही त्यांची मागणी होती, आणि ती धुडकावणाऱ्या पंतप्रधान होत्या खालिदा झिया. राष्ट्रकुलाच्या वतीने ऑस्ट्रेलियाचे माजी गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन शिष्टाईसाठी आले, कित्येक आठवडे ढाक्यात राहिले, आणि हसीनांच्या अवामी लीगकडून पक्षपाताचा ठपका पदरात घेऊन रिकाम्या हातांनी परतले. फेब्रुवारी 1996 च्या निवडणुकीवर विरोधकांनी बहिष्कार घातला. त्यातून निपजलेली संसद जेमतेम टिकली, परंतु तिने तेरावी घटनादुरुस्ती करून काळजीवाहू सरकारची तरतूद घटनेत घातली, आणि त्याच जूनमध्ये हसीना निवडून आल्या. मे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती अवैध ठरवली. पुढील दोन निवडणुका जुन्या रीतीने घेता येतील अशी मुभा त्या निर्णयात असतानाही हसीनांच्या सरकारने पंधराव्या दुरुस्तीने ती तरतूद तत्परतेने काढून टाकली. आणि आता तीच मागणी, जवळजवळ त्याच शब्दांत, खालिदाबाई करू लागल्या. नाटक तेच, भूमिकांची अदलाबदल तेवढी झाली.

26 ऑक्टोबर 2013 रोजी हसीनांनी खालिदाबाईंना दूरध्वनी केला तो पुढे वाहिन्यांवरून सर्व देशाने ऐकला: भोजनाचे आमंत्रण देण्यासाठी केलेल्या त्या संभाषणाचा बराचसा भाग सरकारी लाल टेलिफोन चालू होता की बंद, या वादात खर्ची पडला. जिथे दोन नेत्यांचे टेलिफोनविषयी एकमत होत नाही, तिथे मतमोजणीविषयी कोठून व्हावे? डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांचे ऑस्कर फर्नांडिस-तारांको आले; त्यांनी दोन्ही पक्षांच्या सरचिटणिसांना एका मेजाशी बसवले, पण मेजाच्या पलीकडे काही सरकले नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. पाश्चात्त्य राजदूत 'सहभाग' म्हणत तेव्हा त्यांच्या मनात खालिदाबाईंचा पक्ष असे. दिल्लीस मात्र निवडणूक ठरल्या तारखेस पार पडणे अगत्याचे होते, आणि त्यासाठी कोणीतरी प्रतिस्पर्धी उभा असणे पुरेसे होते. दिल्लीची ही चिंता निराधार होती असे म्हणता येत नाही. खालिदाबाईंच्या राजवटीत, एप्रिल 2004 मध्ये, चितगाव येथे दहा ट्रक भरून शस्त्रे सापडली होती, ती आसामातील बंडखोरांसाठी होती. आणि हसीनांनी सत्तेवर येताच त्या बंडखोरांचे आश्रयस्थान मोडून काढले होते. हितसंबंध खरा असला तरी तो लोकशाहीच्या परिभाषेत मांडला, की ऐकणाऱ्यास दोन्हींविषयी संशय येऊ लागतो.

आपल्याकडे ग्रामपंचायत बिनविरोध निवडून आली तर गाव गुलाल उधळते. बांगलादेशात 5 जानेवारीच्या निवडणुकीवर खालिदाबाईंच्या पक्षाने बहिष्कार घातला आणि 300 पैकी 153 मतदारसंघ बिनविरोध गेले, म्हणजे मतदानाचा दिवस उजाडण्यापूर्वीच बहुमत सिद्ध झाले आणि निम्म्याहून अधिक मतदारांवर शिक्का उचलण्याचीही वेळ आली नाही. युरोपीय संघ, राष्ट्रकुल आणि अमेरिका यांनी निरीक्षक पाठवण्याचे नाकारले. भारताने व भूतानने पाठवले.

बहिष्कार घालणाऱ्या पक्षाकडे देण्याजोगी वस्तू एकच असते, आपली उपस्थिती. ती एकदा दिली की परत मागता येत नाही, आणि द्या म्हणणारा वकील मतमोजणीस जामीन राहत नाही. 2018 मध्ये खालिदाबाई तुरुंगात असताना त्यांचा पक्ष डॉ. कमाल हुसेन यांच्या आघाडीतून निवडणुकीस उतरला. मतपेट्या आदल्या रात्रीच भरल्याचे आरोप झाले आणि आघाडीच्या जागा दोन अंकांपर्यंतही पोहोचल्या नाहीत. म्हणून 2024 च्या निवडणुकीपूर्वी अमेरिकेने व्हिसाबंदीचा धाक घातला आणि विनाअट संवादाची पत्रे धाडली तरी तो पक्ष जागचा हलला नाही. हलला असता तर काय पदरी पडले असते, हे सांगण्यास त्याच्यापाशी ताजा अनुभव होता.

परंतु प्रतिस्पर्ध्याचे मोल या सर्वांहून अधिक जाणणारा कोणी असेल तर तो इर्शादच. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी निवडणूक मांडली तेव्हा हसीना आल्या, खालिदा आल्या नाहीत. 1988 मध्ये दोघीही आल्या नाहीत, तेव्हा अ. स. म. अब्दुर रब यांच्या नेतृत्वाखालील एका संयुक्त विरोधी आघाडीने संसदेतील विरोधी बाके सजवण्यात आली आणि लोक त्या विरोधकांस पाळीव म्हणू लागले. अशा माणसाला पंचवीस वर्षांनी विरोधक होण्याचा आग्रह व्हावा, यातील गंमत त्यांना स्वतःला कळली नसेल असे वाटत नाही. 12 डिसेंबर 2013 च्या रात्री रॅपिड ॲक्शन बटालियनच्या पहाऱ्यात त्यांना लष्करी रुग्णालयात नेण्यात आले; ते आजारी नाहीत, असे त्यांचे निकटवर्ती सांगत राहिले. उमेदवारी मागे घेण्याचा त्यांचा अर्ज रंगपूर-3 मध्ये मान्य झाला नाही, आणि जी निवडणूक लढवणार नाही असे त्यांनी जगजाहीर केले होते तीत ते निवडून आले. त्यांच्या पत्नी रौशन विरोधी पक्षनेत्या झाल्या, त्यांच्याच पक्षाचे काहीजण मंत्रिमंडळातही बसले. आणि ज्यांच्या मनधरणीसाठी महिन्यापूर्वी परदेशाहून दूत आला होता त्या इर्शादांची नेमणूक मंत्र्याच्या दर्जाने झाली, पंतप्रधानांचे विशेष दूत म्हणून.