ग्रामीण पर्यटन, लोकसहभागी

खेड्यातील रहिवाशांनी आपली घरे, शेती, अन्नपदार्थ व लोककला यांच्या आधारे स्वतः चालविलेली पर्यटनव्यवस्था. पाहुण्यांची संख्या, दर व उत्पन्नाची वाटणी यांविषयीचे निर्णय तीत गावकरीच घेतात. बाहेरच्या भांडवलदाराने खेड्यात उभारलेल्या विश्रामधामाहून ती या बाबतीत भिन्न ठरते.

या व्यवस्थेत अन्नाला मध्यवर्ती स्थान असते. निवासाचे उत्पन्न मुख्यतः जागा असलेल्या कुटुंबाला मिळते. भोजनाचे उत्पन्न मात्र धान्य, दूध व भाजीपाला पुरविणाऱ्या आणि स्वयंपाक करणाऱ्या अनेक घरांत विभागले जाते. शिधा शहरातून आणल्यास हा लाभ गावाबाहेर जातो. म्हणूनच इटलीतील कृषिपर्यटनाच्या १९८५ व २००६ च्या कायद्यांनी शेतीशी असलेला संबंध अनिवार्य मानला. पाहुण्यांना द्यावयाच्या अन्नात स्वतःच्या शेतातील व त्या प्रदेशातील उत्पादनांवर भर देण्यात आला. केरळमधील कुमरकोम येथे २००८ पासून उपाहारगृहांना लागणारा भाजीपाला कुडुंबश्री या महिला गटांकडून घेण्यास प्रारंभ झाला व पडीक जमिनी लागवडीखाली आल्या.

महाराष्ट्रात हुरडा हे याचे परिचित उदाहरण होय. रब्बी ज्वारीची कोवळी कणसे शेतातच गोवऱ्यांच्या आगटीत भाजून व हातावर चोळून त्यांचे दाणे गूळ, शेंगदाणे व चटणीबरोबर खातात. आप्तेष्टांसाठी असलेला हा हिवाळी पाहुणचार आता अनेक ठिकाणी शेतकऱ्यांच्या पूरक उत्पन्नाचे साधन झाला आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारले.

लोककलांना पर्यटनामुळे नवा आश्रय मिळतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी (ता. कुडाळ) येथे ठाकर समाजातील कलावंतांनी चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली असून ती पाहण्यास प्रवासी येतात. तथापि प्रवाशांच्या सोयीसाठी प्रयोग वारंवार आखडते घेतल्यास कथेचा विस्तार व गायन विस्मरणात जाण्याचा धोका संभवतो.

पर्यटनाचे उत्पन्न हंगामी व अनिश्चित असते. २०२० मधील कोव्हिड साथीच्या काळात ते सर्वत्र खंडित झाले. ज्यांची शेती चालू होती त्यांना निदान तिचा आधार राहिला. पाणी व सरपण यांवर पडणारा भार, तसेच स्त्रियांच्या वाढलेल्या श्रमांचा योग्य मोबदला, हेही महत्त्वाचे प्रश्न आहेत. शेती हा मुख्य व पर्यटन हा पूरक व्यवसाय राहील, तोवरच ही व्यवस्था गावाच्या हिताची ठरते.