संज्ञाप्रवाह आणि अंकीय युगातील आत्मभान

बा. सी. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीत संज्ञाप्रवाहाचे तंत्र योजिले. या तंत्रामागील गृहीतक असे की, बाह्य संवेदना कितीही विस्कळीत असल्या तरी त्यांना जोडणारा साहचर्याचा धागा त्या व्यक्तीच्याच स्मृतीचा, भयाचा व वासनेचा असतो. म्हणूनच तो प्रवाह वाचणे म्हणजे एका मनाची ओळख होणे होय.

अंकीय युगात या गृहीतकालाच धक्का बसतो. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोतील प्रवासी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर विवाहाचे छायाचित्र, युद्धाची वार्ता व विनोद एकापाठोपाठ एक पाहतो. वृत्तपत्राचे पानही अशीच सरमिसळ करते; परंतु ते सर्व वाचकांसाठी एकच असते. येथील क्रम मात्र ज्याचा त्याचा वेगळा असतो, आणि तो लावणारे त्याचे मन नसून त्याच्या पूर्वीच्या निवडींवरून अंदाज बांधणारी संगणकीय प्रणाली असते. आवड त्याची, जुळणी परक्याची, असे हे द्वैत आहे.

त्यामुळे उपनगरी जीवनावर लिहिणाऱ्या आजच्या लेखकाला केवळ प्रवाह टिपणे पुरेसे नाही. स्वतःचा विचार कोठे संपतो व सुचविलेला कोठे सुरू होतो, ही सीमारेषा शोधणे हेच आता आत्मभानाचे पहिले कार्य ठरते.