मोगऱ्याचा चहा, शेवंतीचं पाणी

संध्याकाळी सहाच्या सुमारास भिवंडीच्या धामणकर नाक्यावर गजरेवाल्या मावशींच्या टोपलीत डोकवावं. ओल्या फडक्याखाली मोगऱ्याच्या कळ्या घट्ट मिटलेल्या असतात, वास जेमतेम. तोच गजरा घरी आणून रात्री नऊला बघा, कळ्या उमललेल्या आणि खोलीभर घमघमाट. चीनमधल्या फूचौ शहराचा नावाजलेला फुलांचा चहा या दोन-तीन तासांवरच उभा आहे.

हो, मोगराच. पाकिटावर ‘जास्मिन’ लिहिलेलं असतं म्हणून आपण जाई समजतो. चिनी लोक या फुलाला ‘मोली’ म्हणतात आणि तो शब्द संस्कृत ‘मल्लिका’वरून तिकडे गेला, असं मानलं जातं.

मी एकदा मावशींना विचारलं, “मावशी, हा गजरा चहात टाकला तर?”

“टाका की. दवाखाना पुढच्याच गल्लीत आहे.”

मावशींचं बरोबर होतं. बाजारातल्या फुलांवर फवारणी झालेली असते, ती पिकवतात देवासाठी आणि वेणीसाठी, पोटासाठी नाही. शिवाय फूचौमध्येही चहात फूल उकळत नाहीतच. तिथे दुपारी उन्हात भरलेल्या कळ्या खुडतात. संध्याकाळी त्या उमलू लागल्या की कोरड्या हिरव्या चहाच्या पानांत मिसळून ढीग लावतात. कोरडं पान वास आणि ओल दोन्ही शोषून घेतं. रात्री ढीग आतून तापतो. तो वेळीच पसरून गार केला नाही तर फुलं शिजल्यासारखी होतात आणि चहाला कुबट वास लागतो. सकाळी दमलेली फुलं चाळून बाजूला काढायची, दमट झालेला चहा भट्टीत वाळवायचा आणि पुन्हा ताज्या कळ्या. उंची मालाला असे सात-सात हात देतात. म्हणून पाकिटात सुकी फुलं जास्त दिसली की चहा भारी, हा आपला गैरसमज. चांगल्या चहात फूल सहसा औषधालाही सापडत नाही. 2022 साली युनेस्कोने चीनची चहा बनवण्याची पारंपरिक कौशल्यं अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, त्यांत हेही आहे.

चिनी वैद्यकाचं यामागचं गणित मराठी घराला परकं वाटू नये. आपल्या आजीच्या हिशेबात पपई उष्ण आणि काकडी थंड, तसाच त्यांच्याकडे प्रत्येक वनस्पतीला एक स्वभाव आणि एक ठिकाण. हिरवा चहा थंड. मोगरा किंचित उष्ण, सुगंधी, अडकलेली ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती मोकळी करणारा. दोघं एकत्र आले की थंडी बाधत नाही आणि जेवणानंतरचं जडपण उतरतं, असं ते मानतात. आधुनिक प्रयोगांच्या मापाने हे सिद्ध झालेलं नाही. पण मूळ चहाच असल्यामुळे त्यातलं कॅफीन मात्र खरं आहे, झोपेची तक्रार असेल तर रात्री नको.

घरच्या कुंडीतल्या, न फवारलेल्या कळ्यांवर मी हा प्रयोग केला. स्टीलच्या डब्यात मूठभर ग्रीन टी, तेवढ्याच कळ्या, वर सैल झाकण. पहिल्या खेपेला सकाळी फुलं काढली आणि चहा तसाच बंद करून ठेवला. चौथ्या दिवशी बुरशी. दुसऱ्या खेपेला रोज सकाळी तो जाड बुडाच्या कढईत, अगदी मंद आचेवर हाताला कुरकुरीत लागेपर्यंत परतला. तीन रात्रींत वास धरला. पाणी उकळल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून ओतायचं, नाहीतर कडवटपणा वास खाऊन टाकतो.

शेवंतीची गोष्ट वेगळी. इथे चहाचं पान नसतंच. वाफवून किंवा तशीच वाळवलेली फुलं गरम पाण्यात भिजवायची, हवी तर खडीसाखर. च-च्यांग प्रांतातल्या थोंगश्यांगची पांढरी शेवंती यासाठी प्रसिद्ध. ‘शेन्नोंग’च्या नावाने चालत आलेल्या प्राचीन औषधीग्रंथात शेवंतीला वरच्या प्रतीत जागा आहे. स्वभाव किंचित थंड, ठिकाण फुप्फुस आणि यकृत. त्यांच्या शास्त्रात यकृताचं दार डोळ्यांत उघडतं, म्हणून लाल, चुरचुरणारे डोळे आणि तापाची डोकेदुखी यांवर ती देतात. चिनी औषधकोशात मात्रा 5 ते 10 ग्रॅम. दिवसभर मागावर धागा न्याहाळणाऱ्या भिवंडीकराला ‘डोळ्यांचा चहा’ ऐकून मोह होईल. फुलांत ल्युटिओलिनसारखी दाह कमी करणारी द्रव्यं सापडली आहेत खरी, पण ती प्रयोगशाळेत. माणसांवरचा पुरावा तोकडा. डोळ्यांचे थेंब किंवा रक्तदाबाची गोळी बंद करून हे पाणी पिणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.

आणखी एक, पाकिटावर सहसा न छापलेलं. शेवंती आणि रस्त्याकडेचं गाजरगवत एकाच कुळातले. गाजरगवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, त्यांना शेवंतीही बाधू शकते. त्यांनी मोगऱ्याकडे वळावं, तेही मावशींच्या टोपलीतल्या नव्हे, घरच्या कुंडीतल्या.