शेवटच्या व्होल्टचा हिशेब

भारनियमनाच्या दिवसांत धुळे–जळगाव रस्त्यालगतच्या एका टॉवरची तक्रार माझ्या कानावर आली. वीज गेली की तासाभरात परिसरातले फोन बंद पडत. बॅटऱ्या बदलूनही गुण आला नव्हता. मी अभियंता नाही. जुनी पुस्तके आणि हातातला मीटर हेच माझे शिक्षण. मीटर लावला, तेव्हा बॅटरीच्या टोकांवर 43 व्होल्ट होते आणि यंत्राच्या टोकांवर जेमतेम 40. मधले तीन व्होल्ट वाटेतच हरवले होते.

दूरसंचाराची यंत्रे बहुधा 48 व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर, म्हणजे डीसीवर चालतात. दोन व्होल्टचे 24 सेल ओळीने जोडले की 48 होतात. धन टोक जमिनीला जोडलेले असते, म्हणून हा पुरवठा ‘उणे 48’. त्यामुळे जमिनीतल्या तांब्याच्या तारा ओलीने कमी झिजतात. जुन्या दूरध्वनी केंद्रांची ही रीत टॉवरवरही टिकली.

व्होल्ट कमी म्हणून प्रवाह मोठा. 2400 वॅटला घरच्या 230 व्होल्टवर साडेदहा अँपियर पुरतात. इथे 50 लागतात. घरी एक व्होल्ट घटला तर कळतही नाही. इथे तो दोन टक्के असतो. केळीला ठिबक करणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे ठाऊक आहे: नळी बारीक आणि लांब असली की टोकाचे झाड तहानलेले राहते.

तारेचे दुखणे याहून अवघड. झाड मिळेल तेवढ्यावर भागवते. यंत्राला मात्र ठरलेले वॅट हवेच असतात. बॅटरी उतरली की ते जास्त प्रवाह ओढते. 43.2 व्होल्टवर त्याच 2400 वॅटला सुमारे 56 अँपियर लागतात. यंत्र 12 मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन तार 24 मीटर. 10 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सुमारे 2.3 व्होल्ट जातात, 25 च्या तारेत 0.9. अनेक यंत्रांची खालची मर्यादा 40.5 व्होल्ट असते. बारीक तारेने यंत्र त्या कडेवर येते. मग एक सैल लग पुरतो. बॅटरीत वीज शिल्लक असते आणि फोन मुका होतो.

म्हणून हिशेब भरल्या बॅटरीचा नव्हे, उतरलेल्या बॅटरीचा करावा. आणि तोही मे महिन्यातला. तेव्हा जळगाव–भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो, आणि दर दहा अंशांना तांब्याचा रोध सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

फ्यूज हा मुख्यतः तारेचा राखणदार. त्याचा आकडा यंत्राच्या सर्वाधिक प्रवाहाहून मोठा, पण तारेच्या क्षमतेहून लहान हवा. जागा बॅटरीजवळ, उणे तारेत. त्या टॉवरवर छोटा फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणीतरी 100 अँपियरचा बसवला होता. तारेचे आवरण मऊ पडले होते. पुढची पायरी आगीचीच. घरगुती एमसीबीही इथे चालत नाही. घरचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीची ठिणगी पेटतीच राहते. त्यासाठी डीसीचाच एमसीबी लागतो.

पुढे तिथली तार जाड केली, लग आवळले, फ्यूज योग्य आकड्याचा बसवला. बॅटऱ्या त्याच ठेवल्या. त्यानंतरच्या भारनियमनात फोन चालू राहिले. रात्री आजारी माणसासाठी गाडी बोलावणाऱ्याला बॅटरीतली शिल्लक वीज उपयोगाची नसते. यंत्रापर्यंत पोचलेली असते.