भाऊबीजेला चाळीस माणसं आणि तवा एक! मोठ्या कुटुंबाच्या पंगतीचं गणित नेमकं चुकतं कुठं?

मोबाईलवर नुसतं देवळाली टाकलं की नकाशा थेट नाशिकला घेऊन जातो. पण ती तोफखान्याची देवळाली. देवळाली प्रवरा वेगळी, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्यातली. नगरपरिषद असलेलं, २०११ च्या जनगणनेत साधारण ३१ हजार लोकसंख्येचं गाव. आजूबाजूला ऊस, शेजारी राहुरी फॅक्टरी आणि घरटी कुणी ना कुणी पुण्याला, चाकणला नाहीतर नाशिकला कामाला.

ही सगळी मंडळी एकत्र येतात ती दिवाळीत. त्यातही भाऊबीजेला. लेकी माहेरी येतात, सोबत जावई, नातवंडं. चुलत घरं वाड्यात येऊन मिसळतात. एरवी सहा माणसांचा स्वयंपाक होणाऱ्या घरात अचानक चाळीस ताटं लागतात.

मेनू काय, हा प्रश्न घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर आधी पडतो आणि पाच मिनिटांत सुटतो. पुरणपोळी, गुळवणी, कटाची आमटी, भात, एक भाजी, भजी, कुरडया. मग किराण्याची यादी निघते, डाळ-गूळ येतो आणि सगळ्यांना वाटतं, झालं नियोजन.

खरी गडबड इथंच होते. लोक माणसं मोजतात, डाळ मोजतात. तवे कुणीच मोजत नाही.

आधी डाळीचा हिशोब

समजा, चाळीस माणसं आहेत. त्यात वीस धडधाकट, आठ वयस्कर आणि बारा पोरं. धडधाकट माणसाला सरासरी अडीच पोळ्या, म्हाताऱ्या माणसांना दीड, पोरांना एक. म्हणजे ५०, १२ आणि १२, एकूण ७४ पोळ्या. पण लेक माहेराहून रिकाम्या हातानं जात नाही. चार घरच्या शिदोऱ्या, प्रत्येकी सहा पोळ्या धरल्या तर आणखी २४. आकडा शंभराच्या घरात जातो.

किलोभर हरभरा डाळीत घरगुती मापाच्या ३० ते ३५ पोळ्या होतात. म्हणजे तीन किलो डाळ, अडीच ते तीन किलो गूळ आणि लाटायच्या पिठासह तीन किलो कणीक. डाळीची या भागात काही वानवा नाही. विजय, दिग्विजय, फुले विक्रम या हरभऱ्याच्या जाती ज्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढल्या, ते राहुरीतच आहे.

तर सामान आलं. आता घड्याळ लावा.

एक पोळी भरायची, लाटायची, दोन्ही बाजूंनी भाजायची, तूप सोडून उतरवायची. हात बसलेल्या बाईलाही एका तव्यावर तीनेक मिनिटं जातात. शंभर पोळ्या गुणिले तीन मिनिटं, म्हणजे ३०० मिनिटं. सलग पाच तास. मध्ये कुणी हाक मारली, कुणाचं पोर रडलं, एखादी पोळी फुटून पुरण तव्यावर आलं, हे सगळं सोडून पाच तास.

आता भाऊबीजेचा दिवस आठवा. ओवाळणी संध्याकाळी. रात्री आठला पानं घ्यायची म्हटलं, तर तवा दुपारी तीनला चढला पाहिजे आणि मध्ये उतरता कामा नये. म्हणजे ओवाळणीच्या वेळी तव्यासमोर बसलेल्या बाईच्या हाताला कणीक लागलेली असते. बऱ्याचदा ही बाई माहेरी आलेली बहीणच असते, कारण "तुझ्या हातची पोळी मऊ होते" असं तिला कुणीतरी म्हटलेलं असतं. जिच्यासाठी हा सण आहे, ती ताम्हण घ्यायला पदराला हात पुसत येते.

आणि तव्यासमोर बहीण नसेल तर सून असते. तिलाही भाऊ आहेत. नणंद आज इकडे आली, तर ही माहेरी कधी जाणार, हा प्रश्न मेनूच्या यादीत कुठंच नसतो. तो ठरतो मात्र मेनूनंच.

मग पुरणपोळीच नको का?

काही घरांत हा तोडगा निघतो की यंदा मटण करू. भाऊबीजेला जावयांसाठी मटण ही गोष्ट या पट्ट्यात नवी नाही. पण घरात एखादे तरी माळकरी आजोबा असतातच. मग दोन स्वयंपाक, वेगळी भांडी, वेगळे पळी-डाव. आणि रस्सा कितीही झणझणीत असू द्या, त्याच्यासोबत बाजरीची भाकरी लागते. भाकरीही एकेकच थापावी लागते, शिवाय ती गरमच हवी. मेनू बदलला, तवा होता तिथंच राहिला.

खरं तर कुठल्याही मोठ्या जेवणात पदार्थ दोनच प्रकारचे असतात. एक पातेल्यातले. आमटी, भात, गुळवणी, रस्सा, रस्साभाजी. दहा माणसांची आमटी करा की चाळीस माणसांची, पातेलं मोठं होतं, वेळ थोडा वाढतो, पण मेहनत चौपट होत नाही. दुसरे नगावरचे. पोळी, भाकरी, पुरी, भजी. तिथं माणूस वाढला की काम तेवढंच वाढतं, सूट नाही. त्यामुळं ताटात नगावरचा पदार्थ एकच ठेवायचा, फार तर दीड. पुरणपोळी आहे ना, मग भज्यांचा हट्ट सोडायचा किंवा ती फक्त पोरांपुरती काढायची. चाळीस माणसांना तीन-तीन भजी म्हणजे १२० भजी, म्हणजे आठ-दहा घाणे आणि पाऊण तास कढईसमोर. कुरडया आणि पापड दुपारीच तळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरले तर रात्रीपर्यंत कुरकुरीत राहतात. कुरकुरीत हवं एवढंच म्हणणं असेल, तर ते तिथं भागतं.

सप्त्यात हजारोंच्या भाकरी कोण थापतं?

या अडचणीचं उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. गोदावरीच्या पात्रातलं, श्रीरामपूर आणि वैजापूर तालुक्यांच्या सीमेवरचं सराला बेट इथून जवळ आहे. तिथल्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला अखंड हरिनाम सप्ताह दरवर्षी श्रावणात वेगवेगळ्या गावी भरतो. महाप्रसाद आमटी-भाकरीचा आणि पंगतीला लोटलेली माणसं मोजण्यापलीकडची.

तिथं आमटी जागेवर शिजते, भल्यामोठ्या कढयांमध्ये. भाकरी मात्र जागेवर थापत नाहीत. त्या पंचक्रोशीतल्या गावांमधून येतात, घराघरांत थापलेल्या, ट्रॅक्टर-टेम्पोत भरून. एका घराच्या वाट्याला थोड्याच भाकरी येतात. पातेल्यातला पदार्थ एका जागी आणि नगावरचा पदार्थ हजार चुलींवर. ही विभागणी कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकातून आलेली नाही. लाख माणसांना वाढायचं तर दुसरा मार्गच नव्हता.

नेमका हा मार्ग सप्त्याला भाकरी पाठवणारी घरंही आपल्या दिवाळीत विसरतात. गावात चुलत घरं दोन-तीन असतात, प्रत्येक घरात गॅस असतो, तवा असतो. तरी सगळ्या बाया एकाच स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभ्या, दोन शेगड्यांवर. त्यातल्या एका शेगडीवर आमटीचं पातेलं, म्हणजे पोळीला उरली एक.

हेच पुरण तीन घरांत वाटलं, तर प्रत्येकीकडे ३३-३४ पोळ्या येतात. तीन मिनिटांच्या हिशोबानं एक तास चाळीस मिनिटं. चारला बसलं तर पावणेसहाला सगळे तवे खाली. त्यानंतर हातपाय धुऊन, साडी नेसून ओवाळायला निवांत वेळ. आमटी-भात मुख्य घरी. मोठ्या पातेल्यासाठी अंगणातली चूल नाहीतर मंडपवाल्याकडून भाड्यानं आणलेली भट्टी, म्हणजे घरातल्या दोन्ही शेगड्या मोकळ्या. चाळीस माणसांना बारा लिटरचं आमटीचं पातेलं, पोळी असल्यानं दोन ते अडीच किलो तांदूळ आणि पाच लिटर गुळवणी पुरते.

"पण पोळी गरम नको का?" हा आक्षेप हमखास येतो, आणि तो तव्यासमोर कधी न बसलेल्याकडून येतो. संध्याकाळी केलेली पोळी आठ वाजता तुपावर अर्धा मिनिट शेकली की पुन्हा लुसलुशीत होते. एका पंगतीच्या पन्नास पोळ्या दोन तव्यांवर बारा-तेरा मिनिटांत शेकून होतात. पोळी शेकायला पुरण भरता यावं लागत नाही. एवढं काम भावांना आणि जावयांना जमण्यासारखं आहे. नगर-मनमाड रस्त्यावर अडकलेली पुण्याची गाडी नऊला पोचली, तरी त्यांच्यासाठी कुणाला पुन्हा पोळपाट घ्यावा लागत नाही.

आदल्या दिवशी काय, त्या दिवशी काय

पुरण पाडव्याच्या रात्रीच करून ठेवता येतं, नव्हे तसंच करावं. तीन किलो डाळ कुकरमध्ये म्हणाल, तर डाळीला कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नसतो, त्यामुळं पाच लिटरचे चार कुकर लावावे लागतात. त्यापेक्षा मोठ्या पातेल्यात शिजवली तर कटही भरपूर निघतो. गूळ घालून इतकं आटवायचं की उलथनं मध्ये उभं राहिलं पाहिजे. सैल पुरण पोळी फोडतं आणि लवकर आंबतंही. पुरणयंत्रातून काढायचं ते गरम असतानाच, गार झालं की हात दुखतात.

पुरण आणि कट ठेवण्यात मात्र घाई चालत नाही. शिजलेल्या अन्नात जंतू वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात. भरलेलं मोठं पातेलं झाकण लावून ओट्यावर ठेवलं तर आतला भाग रात्रभर याच टप्प्यात राहतो, आणि सकाळी आमटीला वास येतो. परातीत पसरून गार करायचं, छोट्या डब्यांत भरायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. फ्रिजमधली जागा तेवढ्यापुरती कोल्ड्रिंकच्या बाटल्यांकडून परत घ्यावी लागते.

भाताचं त्याहून नाजूक. तांदळात बॅसिलस सेरेयस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. भात तासन्तास कोमट राहिला की ते वाढतात आणि तयार होणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. चाळीस माणसांच्या घरात संडास एखाद-दोनच असतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. भात पहिल्या पंगतीच्या अर्धा तास आधी लावायचा, दुसऱ्या पंगतीला दुसरं पातेलं.

गुळवणीत दूध घालायचं ते गुळाचं पाणी गार झाल्यावरच. गरम गुळात दूध फाटतं, आणि ते नेमकं पानं घेतल्यावर लक्षात येतं.

आणखी एक. तीन किलो गूळ शंभर पोळ्यांत म्हणजे पोळीमागं ३० ग्रॅम, गुळवणी वेगळीच. घरात साखरेच्या गोळ्या घेणारी दोन-तीन माणसं आजकाल असतातच. त्यांना पंगतीत "तुम्हाला चालतं का?" असं मोठ्यानं विचारण्यापेक्षा दहा-बारा पोळ्या लहान लाटाव्यात. ताटात पोळी दिसते, मानही राहतो. डाळ-वांग्याची भाजी नाहीतर मेथी जरा जास्त केली की पोटही भरतं.

पंगतीचा क्रमही आधीच ठरवलेला बरा. पहिल्या पंगतीला पोरं, म्हातारी माणसं आणि ज्यांनी पोळ्या केल्या त्या सगळ्या. वाढायला बाकीचे. हे आयत्या वेळी कुणी सुचवलं तर "आमचं राहू दे, तुम्ही बसा" सुरू होतं, म्हणून ग्रुपवरच लिहून टाकायचं. मेनूच्या खालीच, नावांसकट.

उरल्या शिदोरीच्या पोळ्या. त्या पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत, वाफ धरली की पुण्यापर्यंत चिकट होतात. आणि चार डब्यांच्या हिशोबात एक डबा सुनेच्या माहेरचा धरलाय का, ते डाळ आणायच्या आधी बघून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी तिची असते.