सर्दी-पडशावरील घरगुती उपचार आणि अन्नाचे वावडे : एक विवेचन

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील बहुतेक कुटुंबांत सर्दी-पडशाचा पहिला इलाज स्वयंपाकघरातच होतो. आले व गवती चहा घातलेला चहा, हळदीचे दूध, तुळस-मिरी-सुंठीचा काढा, आल्याचा रस व मधाचे चाटण, ज्येष्ठमधाची कांडी, ओव्याची गरम पुरचुंडी ही या इलाजाची परिचित साधने होत. ती स्वस्त व सहज मिळणारी असून पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहेत. 'घरचेच आहे, त्याने अपाय कसा होईल?' हा विश्वास त्यांच्यामागे असतो. तथापि हे पदार्थ अन्न असल्यामुळेच अन्नापासून होणारे अपाय त्यांच्यापासूनही संभवतात. या अपायांचे स्वरूप व ते ओळखण्यातील अडचण यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सर्दीचे स्वरूप व उपचारांची मर्यादा :
सर्दी हा विषाणूजन्य विकार असून दोनशेहून अधिक विषाणू त्यास कारणीभूत ठरतात. त्यांत ऱ्हायनोव्हायरस हा प्रमुख होय. प्रतिजैविकांचा या विषाणूंवर परिणाम होत नाही. बहुतेक रुग्ण सात ते दहा दिवसांत आपोआप बरे होतात. म्हणून घरगुती उपचारांचे कार्य रोग हटविणे हे नसून त्रास सुसह्य करणे हे आहे. गरम पेयाने घशाला आराम मिळतो आणि शरीरात पाणी जाते. एक वर्षावरील मुलांचा खोकला मधाने काहीसा कमी होतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. हा लाभ खरा आहे, परंतु मर्यादित आहे. अशा मर्यादित लाभासाठी मोठा धोका पत्करणे योग्य ठरत नाही.

अपायांचे प्रकार :
१) वावडे : अन्नातील एखाद्या प्रथिनास शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू समजते, तेव्हा अधिहर्षता म्हणजेच खरे वावडे उद्भवते. दुधाचे वावडे असलेल्या मुलास हळदीचे दूध अल्प प्रमाणातही बाधू शकते. मधातील परागकणांमुळे व काही मसाल्यांमुळेही क्वचित अशी प्रतिक्रिया येते.

२) असह्यता : दुग्धशर्करा पचविणारे विकर कमी पडल्यास दुधाने पोट फुगते व जुलाब होतात. भारतातील प्रौढांत ही स्थिती मोठ्या प्रमाणावर आढळते. ती त्रासदायक असली तरी वावड्याप्रमाणे जिवावर बेतत नाही. व्यवहारात मात्र या दोहोंना 'दूध सोसत नाही' असे एकच नाव दिले जाते.

३) मात्रेचा अतिरेक : ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन या घटकाने शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. एखादी कांडी चघळल्याने सहसा काही बिघडत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाने आठवडेच्या आठवडे रोज काढा घेतल्यास मात्र धोका संभवतो.

४) वयाचा विचार न करणे : बाळाला मध चाटविण्याची प्रथा आजही आढळते. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. घरगुती उकळण्याने ते नष्ट होत नाहीत. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते वाढून विष निर्माण करू शकतात. बद्धकोष्ठ, क्षीण रडणे, दूध ओढता न येणे व अंग ढिले पडणे ही त्याची लक्षणे होत. हा विकार विरळा असला तरी गंभीर आहे. म्हणून एक वर्षापर्यंत मध पूर्णतः वर्ज्य मानावा.

लक्षणांतील सारखेपणा :
या विषयातील खरी अडचण निदानाची आहे. नाक वाहणे, शिंका, घशात खवखव, खोकला व छातीत घरघर ही लक्षणे सर्दीत दिसतात, तशीच ती वावड्यातही दिसू शकतात. त्यामुळे चाटणानंतर खोकला वाढला, तर 'कफ सुटतो आहे' असे समजून आणखी एक चमचा दिला जातो. अंगावर गांधी उठल्यास 'पित्त उठले' म्हणून आमसुलाचे पाणी लावले जाते. या दोन्ही प्रसंगी मूळ कारण नजरेआड होते आणि तेच पुन्हा पोटात जाते. काळाचा संबंध लक्षात घेतल्यास हा घोटाळा टळू शकतो. सर्दी दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढते. वावड्याची प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत येते. ओठ वा जीभ सुजणे, आवाज बसणे, श्वास कोंडणे, वारंवार उलट्या किंवा भोवळ यांपैकी काहीही दिसल्यास घरी उपचार करीत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

२०२० चा अनुभव :
कोविड साथीच्या काळात २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोन वेळा घेण्याचा सल्ला दिला होता. हळदीच्या दुधासाठी दीडशे मिलिलिटर दुधास अर्धा चमचा हळद असे प्रमाणही सांगितले होते. अनेक घरांत काढा पोचला, प्रमाण मात्र पोचले नाही. अतिसेवनामुळे जळजळ होत असल्याच्या बातम्या त्या काळात आल्या. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. वापरलेली वनस्पती गुळवेलच होती काय, असा आक्षेप मंत्रालयाने घेतला. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : अंगणातून तोडलेल्या वेलीवर ना नाव असते, ना मात्रा. वेष्टनातील खाद्यपदार्थांवर दूध, शेंगदाणा आदी घटकांची सूचना छापणे कायद्याने आवश्यक आहे. घरच्या काढ्याला असे वेष्टन नसते.

निष्कर्ष :
वरील विवेचनाचा अर्थ घरगुती उपचार त्याज्य आहेत असा नाही. आयुर्वेदाने वय, मात्रा, काल व सात्म्य यांचा विचार प्रत्येक द्रव्याबाबत आवश्यक मानला आहे. घरोघरी पदार्थ टिकले, हा विचार मात्र मागे पडला. काढा देण्यापूर्वी तो कोणाला, किती, किती दिवस आणि कोणत्या औषधांबरोबर दिला जात आहे, हे चार प्रश्न विचारले जावेत. बाळ, गरोदर स्त्री, रक्तदाबाचे रुग्ण आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांच्याबाबत डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. आजीच्या बटव्याला अशा प्रश्नांची जोड मिळाल्यास त्यावरील समाजाचा विश्वास अधिक सार्थ ठरेल.