कुत्र्याचा मधुमेह आणि यवतमाळचा उन्हाळा
बँटिंग व बेस्ट या संशोधकांनी १९२१ मध्ये टोरांटोत ज्या स्वादुपिंडाच्या अर्काचे प्रयोग कुत्र्यांवर केले, त्यातूनच हाती आलेले इन्शुलिन आज मधुमेही पाळीव कुत्र्याला घरीच, सहसा बारा तासांच्या अंतराने, खाणे झाल्यावर कातडीची घडी उचलून टोचले जाते. प्रयोगातल्या कुत्र्यांचे हे ऋण तसे उशिराच फिटले. खरी मेख सिरिंजमध्ये आहे, कारण मिलिलिटरला ४० युनिटच्या औषधासाठी लाल आणि १०० युनिटच्या औषधासाठी नारिंगी टोपणाची सिरिंज असते आणि अदलाबदल झाल्यास मात्रा अडीचपट चुकते. यवतमाळात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जात असल्याने कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, परंतु बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावी लागते. कुत्रा झोकांड्या खाऊ लागला, तर रक्तातील साखर उतरल्याचे समजून हिरड्यांना मध चोळावा आणि तडक पशुवैद्यकाकडे न्यावे.